रेषेबाहेर उभा असलेला माणूस



फुटबॉलच्या मैदानाला चुन्याची पांढरी रेषा असते. रेषेच्या आत खेळाडू, बाहेर त्यांचा प्रशिक्षक. तो ओरडू शकतो, खूण करू शकतो, खेळाडू बदलू शकतो. पण पायाशी आलेला चेंडू त्याला गोलकडे मारता येत नाही. काल जो स्वतः खेळत होता त्याला ही रेषा किती जड जात असेल! आज अशाच एका माणसाचा विचार आपण करू या.

खालिद जमील यांचा जन्म १९७७ साली कुवेतमध्ये, भारतीय कुटुंबात झाला. मुंबई ही त्यांची कर्मभूमी. महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडिया या मुंबईच्या संघांतून ते मधल्या फळीत खेळले, भारताकडूनही खेळले. पण दुखापतींनी त्यांची पाठ सोडली नाही. २००५-०६ च्या हंगामात महिंद्रा युनायटेडने राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा संघाचे प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा, तेही एकेकाळचे भारताचे बचावपटू. खालिद त्याच संघात होते. २००९ साली, बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी बूट उतरवले आणि मुंबई एफसीचे प्रशिक्षकपद हाती घेतले.

तेथे त्यांनी सात वर्षे काढली. पैसा बेताचा, विजेतेपद एकदाही नाही. तरी संघाला पहिल्या श्रेणीतून खाली घसरू दिले नाही. २०१६ साली क्लबने त्यांना निरोप दिला. मग ते मिझोरामच्या ऐजॉल संघाकडे गेले. हा संघ आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता आणि त्याला कसाबसा पुन्हा प्रवेश मिळाला होता. मुंबईचे जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे खेळाडूही त्यांच्यासोबत तेथे गेले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग लाजोंगशी १-१ अशी बरोबरी साधून ऐजॉलने आय-लीग जिंकली. ईशान्येकडील संघाला असा मान प्रथमच मिळाला. ख्रिस्ती बहुसंख्येच्या डोंगरी राज्याला हा आनंद एका मुस्लीम प्रशिक्षकाच्या हातून लाभला, हेही आपण लक्षात ठेवावे.

ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. त्याच ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. जिंकल्यावर खांद्यावर घेतात ते गोल करणाऱ्याला. हरल्यावर जाब मात्र प्रशिक्षकाला विचारतात. रेषेबाहेर उभे राहण्याची ही किंमत आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी शिक्षकाची तुलना वैद्याशी केली आहे. वैद्य आरोग्य बाहेरून आणून ओतत नाही. शरीरातच बरे होण्याची जी शक्ती असते तिला तो साहाय्य करतो. तसेच शिक्षकाचे. शिष्यात जे दडले आहे ते जागे करायचे. त्याच्या वतीने आपण खेळायचे नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबाने हेच केले. यरुशलेममध्ये शौलाला सगळे भीत होते, तेव्हा बर्णबा त्याच्या बाजूने उभा राहिला. पुढे तार्सला जाऊन त्याने त्याला शोधून अंत्युखियाला आणले. सुरुवातीला बर्णबाचे नाव आधी येते, शौलाचे नंतर. तेराव्या अध्यायात हा क्रम उलटू लागतो आणि पौलाचे नाव पुढे येते. त्यावर बर्णबाने कुरकुर केल्याचे कोठेही लिहिलेले नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्या देवळालीला हे नवे नाही. येथील तोफखाना शाळेत उस्ताद जवानांना घडवतात आणि ते जवान दूरच्या सरहद्दीवर जातात. आपल्या धर्मग्रामातही निवृत्त झालेले पुष्कळ आहेत. अशा वयात दोन मोह येतात. पहिला, मैदान न सोडण्याचा. गायनमंडळ असो, सणाची समिती असो, घरची तिजोरी असो. किल्ली आपल्याच कमरेला हवी. वाचनाला उभ्या राहिलेल्या मुलाचा एक उच्चार चुकला की लगेच पुस्तक आपल्या हाती घ्यायचे. दुसरा मोह, मैदानाकडे पाठ फिरवण्याचा. “आमचे दिवस गेले,” असे म्हणून दार लावून बसायचे. मग चाळीस वर्षांचा अनुभव कुणाच्याच उपयोगी पडत नाही.

प्रशिक्षक या दोन्हींच्या मध्ये उभा असतो. खेळ त्याचा नाही, पण तो घरीही गेलेला नाही. आम्हा धर्मगुरूंनाही बदलीच्या वेळी हाच धडा गिरवावा लागतो. रोप एकाने लावायचे, पाणी दुसऱ्याने घालायचे आणि वाढ देवाने द्यायची, असे संत पौल करिंथकरांना समजावतो.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने एक काम, जे आजवर आपणच करीत आलो, ते एखाद्या तरुणाच्या हाती सोपवू या. ते त्याला आपल्याइतके नीट जमणार नाही. तरी रेषेवर उभे राहू, त्याला हाक देऊ, धीर देऊ. प्रभू येशूनेही आपले कार्य चुकणाऱ्या, घाबरणाऱ्या शिष्यांच्या हाती सोपवले आणि युगाच्या समाप्तीपर्यंत त्यांच्यासोबत राहण्याचे वचन दिले. तोच प्रभू आपल्याला सोपवण्याचे धैर्य आणि सोबत राहण्याची कृपा देवो.