तुळशीचं पाणी



गेल्या चैत्री वारीला मी पंढरपुरात चार दिवस राहिलो. चंद्रभागेचं स्नान झालं, पायांवर डोकं ठेवलं, गळ्यात तुळशीची माळ होतीच. पाचव्या दिवशी कोल्हापूरला घरी आलो, तर अंगणातली तुळस वाळून काडी झालेली. मुलांची आई होती तोवर असं कधी घडलं नाही. आता घरात मी एकटा. देवाला तुळस वाहायला गेलो आणि दारची तुळस मारली, हा हिशेब तुम्ही कसा मांडाल?

मी तो चुकीचाच मांडला. नवं रोप आणलं आणि प्रायश्चित्त म्हणून त्याला सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी घालू लागलो. महिन्यात पानं पिवळी पडली. भाच्याचा मुलगा शेती करतो. त्यानं रोप उपटून काळी पडलेली मुळं दाखवली. म्हणाला, "आबा, हे तहानेनं न्हाई, पाण्यानं मेलंय."

मी गप्प झालो. वाचकहो, पहिल्या वेळी मी विसरलो होतो, ते समजण्यासारखं आहे. दुसऱ्या वेळी मी आठवणीनं, प्रेमानं मारलं. ते पाणी तुळशीसाठी होतं की माझ्या मनाच्या समाधानासाठी?

मग त्या पोरानं ठिबक बसवलं. घरच्या बागेसाठी फार काही लागत नाही. दोनशे लिटरचं काळं पिंप विटांच्या ओट्यावर पुरुषभर उंचीला ठेवलं. काळं यासाठी की ऊन आत गेलं तर शेवाळ धरतं. तोटीला जाळीची गाळणी, तिच्यापुढं सोळा मिलिमीटरची नळी आणि अठरा झाडांना अठरा ड्रिपर. ड्रिपरवर तासाला चार लिटर लिहिलेलं असतं, पण ते पंपाच्या दाबाला. आमच्या पिंपाच्या उंचीवर किती पडतं ते मी तांब्या ठेवून मोजलं. तासाला दीड लिटरच भरलं. म्हणजे अर्ध्या तासात झाडाला पाऊण लिटर, आणि सगळ्या बागेला मिळून साडेतेरा. पिंप दोन आठवड्यांच्या आसपास पुरतं. गावाला जाताना सेलवर चालणारा टायमर लावायचा, मात्र कमी दाबावर चालणारा बघून घ्यायचा. ड्रिपर खोडाला चिकटवायचा नाही, वीतभर लांब ठेवायचा. वर उसाचं पाचट अंथरायचं, ते आपल्याकडं मुबलक. आणि पाणी सोडायचं ते काकड्याच्या वेळेला. वैशाखात दुपारी नळीतलं पाणी चटका बसण्याइतकं तापतं.

आमच्या भजनातले एक जुने टाळकरी हे बघून म्हणाले, "सावता महाराजांनी अरणच्या मळ्यात कष्ट केले, त्यात त्यांना विठ्ठल भेटला. तुम्ही सेलवर सेवा करता होय?"

बोल लागला. आठवडाभर मनात घोळत होता. त्यांचं खोटं आहे असं मला म्हणवत नाही. तांब्या उचलून तुळशीला पाणी घालण्यात जे आहे, ते तोटी फिरवण्यात नाही. पण तांब्या उचलणाऱ्याला रोपाचं पोट कळलं पाहिजे ना? आपल्या जिल्ह्याला राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीनं राधानगरीचं पाणी मिळालं. त्या पाण्यावर संसार उभे राहिले. आणि तिकडं शिरोळ तालुक्यात जाऊन पाहा, उसाला पाणी आणि खत अति झाल्यानं हजारो एकर जमीन क्षारपड झाली. पाणी देणाऱ्याचा हात सैल होता, मातीकडं बघणारा डोळा नव्हता. महादेवाच्या पिंडीवर उन्हाळ्यात गळती लावतात, तीही थेंबाथेंबानंच पडते.

चाळीस वर्षं मी कीर्तनं केली. दोन-दोन तास ओतत राहिलो. समोरची म्हातारी पेंगायला लागली की मला राग यायचा. आता वाटतं, दिवसभर उसात भांगलून आलेल्या बाईला किती मुरणार होतं? ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात माळ्याच्या पाण्याचा दृष्टांत आहे. माळी नेईल तिकडं ते निमूट जातं, अगदी तसं व्हावं असं माउली अर्जुनाच्या निमित्तानं सांगतात. त्यावर मी कितीदा निरूपण केलं असेल! पण दर वेळी स्वतःला माळ्याच्या जागी धरलं.

टाळकऱ्यांना मी एवढंच सांगितलं की काम संपलेलं नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार बसून ड्रिपर बुजतो, आणि बुजला हे तो सांगत नाही. झाड सांगतं, तेही उशिरा. म्हणून रोज पहाटे हरिपाठ म्हणत अठरा झाडांपाशी वाकून बघावं लागतं. पूर्वी नळी धरून उभा असायचो तेव्हा डोकं दुसरीकडंच असायचं. आता मोगऱ्याला कळी कधी धरली, कढीलिंबावर कीड कुठं बसली, हे दिसतं. गुडघे दुखतात, पण वाकतो.

काल तिसऱ्या तुळशीपाशी थेंब पडत नव्हता. ड्रिपर काढून लिंबाच्या रसात टाकून ठेवला आहे. तोवर तिला तांब्यानं घालतो आहे, मोजून पाऊण लिटर. टाळकरी आले तेव्हा तो तांब्या त्यांच्याच हातात दिला.