शेवटचं ताट

 

गेल्या पौर्णिमेचा महाप्रसाद छान पार पडला, असं आम्हीच सगळ्या ग्रुपवर लिहिलं. फोटोही टाकले. निपाणीहून दोन गाड्या भरून मंडळी आली होती. मच्छे, पिरनवाडी, माजगाव, अनगोळ इथली घरंच्या घरं लहान-थोरांसकट हजर होती. विषय होता सात्त्विक आहार. प्रवचन झालं, आरती झाली, पंगती उठल्या, हुग्गीचं सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं.

एक गोष्ट मात्र लिहायची राहिली. खरं सांगायचं तर राहिली नाही, आम्ही लिहिली नाही. पहाटे पाचपासून चुलीपाशी असलेल्या आपल्या पाच भगिनी साडेतीन वाजता जेवायला बसल्या, तेव्हा भाजी संपली होती. हुग्गीचं पातेलं खरवडून झालं होतं. आमटीत पाणी घालून घालून तिचं सार झालं होतं. त्यांनी गार भातावर ताक घेतलं. आमच्यातला एकजण ओशाळून म्हणाला, "वैनी, तुमच्यासाठी काढून ठेवायला पाहिजे होतं की ओ." त्यावर त्यांच्यातली एक हसून म्हणाली, "असू दे की. वासानंच पोट भरलंय."

त्या हसल्या म्हणून आम्हीही हसलो आणि सतरंज्या गुंडाळायला लागलो. घरी गेल्यावर मात्र ते वाक्य खुपायला लागलं. तीन तास आम्ही ताज्या, रसदार, मनापासून रांधलेल्या अन्नाचं माहात्म्य ऐकत होतो आणि ते अन्न ज्यांच्या हातचं, त्यांच्याच ताटात ते नव्हतं. मग सात्त्विक नक्की काय होतं, हुग्गी की आमचं जेवण?

गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत, ते आपल्या बैठकीत अनेकदा येतं. आयुष्य, बळ, आरोग्य आणि प्रसन्नता वाढवणारं ते सात्त्विक. अति तिखट, अति आंबट, जळजळ करणारं ते राजस. प्रहर उलटलेलं, रस गेलेलं, शिळं, उष्टं ते तामस. आपण हे ऐकतो, घरी येतो, फ्रिजचं दार उघडून कालची आमटी पुढे ओढतो आणि ती कुणाला देतो? आपल्या पानात ती नसते. साहेबांच्या, मुलांच्या, सासऱ्यांच्या पानात ताजी भाजी. शिळं एकतर घरच्या बाईच्या पानात, नाहीतर डब्यात भरून धुणं-भांड्याच्या मावशींच्या हातात. म्हणजे तामस आहार आपण घराबाहेर टाकत नाही, फक्त कुणीतरी दुसरीनं तो खावा अशी व्यवस्था करतो. मावशींना देताना वर "टाकून देण्यापेक्षा बरं" असंही म्हणतो.

इथे शिळ्या भाकरीची बाजू घ्यायला पाहिजे. आपल्या सीमाभागात रात्रीची ज्वारीची भाकरी सकाळी दही, कांदा आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाणं हे सुख आहे, दुःख नाही. फोडणीची भाकरी करून बघा, मुलं पोहे बाजूला ठेवतील. आणि अन्न टाकणं हे पाप, हे तर आपल्या हाडात भिनलेलं आहे, भिनलेलंच असावं. आमचा प्रश्न शिळ्याचा नाही. ते वर्षानुवर्षं एकाच ताटात का पडतं, हा आहे.

आपल्यातले निम्मे लोक उद्यमबागेत फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये काम करतात. त्यांना वेगळं सांगायला नको. बीड ओतताना साच्यातल्या रनर-रायझरमध्ये जे उरतं ते कुणी फेकत नाही. तोडून पुन्हा भट्टीत जातं आणि पुढच्या ओतकामात सगळ्या रसात मिसळतं. उरलेलं सगळं एकाच कास्टिंगच्या वाट्याला द्यायचं आणि नवं बाकीच्यांना, असं कुठली फाउंड्री करत नाही. घरात मात्र तसंच चालतं.

यावर आपल्याच एका ज्येष्ठांनी उत्तर दिलं, आणि ते उत्तर साधं नाही. ते म्हणाले, सगळ्यांना घालून जे उरतं ते यज्ञशेष. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातच म्हटलंय की फक्त स्वतःसाठी शिजवतो तो पाप खातो आणि यज्ञातून उरलेलं खातो तो पापातून सुटतो. म्हणजे शेवटचं ताट हे सगळ्यात पवित्र ताट. घरच्या लक्ष्मीचा तो मान आहे, तुम्ही त्याला अन्याय काय म्हणता?

आम्ही दोन दिवस यावर गप्प होतो. मग एक साधी गोष्ट लक्षात आली. प्रसादासाठी आपण रांगेत ढकलाढकली करतो. गुरुमाउलींच्या पानातला एक घास मिळावा म्हणून धडपडतो. मग शेवटचं ताट एवढं पुण्याचं असेल, तर त्यासाठी घरात एकदाही भांडण कसं होत नाही? "आज शेवटी मी बसणार, तू आधी जेव" असं म्हणत कुणी पुरुष हटून बसलाय, हे आपल्यातल्या किती घरांत घडतं? ज्या पुण्यावर दुसरा कुणीच हक्क सांगत नाही, ते पुण्य आहे की नुसता उरलेला भाग, हे तपासायला पाहिजे.

आणि शास्त्राचंच बोलायचं तर याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात जेवणाचा क्रम दिलेला आहे. आधी मुलं, माहेरी आलेली लेक, म्हातारी माणसं, गर्भवती, आजारी, कुमारिका, मग अतिथी आणि घरातले नोकर. हे सगळे जेवले की उरलेलं खायचं ते दांपत्यानं. दांपत्य म्हणजे दोघं. एकटी बायको नव्हे. नवरा आधी हात धुऊन टीव्हीसमोर आणि बायको कढई खरवडत, हा क्रम त्या ग्रंथात नाही, तो आपण नंतर सोयीनं लावून घेतला. नोकरांनाही मालकाच्या आधी जेवू घालायला सांगितलंय, हे मावशींचा डबा भरताना आठवावं.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातली अळणी भाजीची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि वडील काही न बोलता ती भाजी खातात, रांधणारीला वाईट वाटू नये म्हणून. वडिलांचा तो संयम मोठाच, आम्हीही मुलांना तो सांगत आलो. यावेळी वाचताना दुसरंच दिसलं. भाजी अळणी झाली हे आईला कळलं कधी, तर सगळ्यांची जेवणं झाल्यावर. बरोबर बसली असती तर पहिल्याच घासाला कळलं असतं, मीठ आलं असतं आणि कुणाला मोठेपणा दाखवावाच लागला नसता. साने गुरुजींच्या आईवरच्या प्रेमाबद्दल शंका घ्यायची आमची लायकी नाही. पण प्रेम होतं आणि तरीही ती शेवटी बसत होती, हे दोन्ही एकाच घरात होतं. आपल्याही घरात आहे.

२०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या शंभरातल्या ५७ बायकांमध्ये रक्त कमी आढळलं, त्याच वयाच्या पुरुषांमध्ये शंभरात २५. त्याला पाळी, बाळंतपणं, जंत अशी अनेक कारणं आहेत, सगळा दोष शेवटच्या ताटावर टाकणं बरोबर नाही. पण पालेभाजी, उसळ, अंडं जे काही थोडं असतं ते वर वर संपतं आणि खाली भात-आमटी उरते, हे कुणाला माहीत नाही? दिवसभर लोखंडाशी झुंजणाऱ्या या भागात घरच्या बाईच्या रक्तात लोह कमी पडावं, याची लाज वाटते.

हेच घराच्या सजावटीचं. गणपतीच्या आधी आपल्याकडे घराघरांत रंगकाम निघतं. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाच्या घरी हॉलला पीओपी केलं, कोपऱ्यात लपवलेले दिवे बसवले, पडदे नवे आणले, शोकेसमधले काचेचे कप धुऊन पुन्हा शोकेसमध्ये ठेवले. पैसे संपले. स्वयंपाकघर पुढच्या वर्षी करू, असं ठरलं. मागच्या वर्षीही तेच ठरलं होतं. तिथे फोडणीच्या धुरानं भिंत तांबूस झालेली, एकच पिवळा दिवा आणि तोही बरोबर पाठीमागे, म्हणजे चिरताना स्वतःचीच सावली विळीवर पडते. ओटा घर बांधताना गवंड्यानं आपल्या अंदाजानं घातलेला. तिची उंची किती, हे कुणी विचारलं नव्हतं. ती त्या ओट्यापाशी बावीस वर्षं वाकून उभी आहे. ज्या हॉलवर सगळा खर्च झाला तिथे पाहुणे बसतात वर्षातून फार तर पंधरा दिवस.

घर सुंदर करणं हा दोष आहे का? मुळीच नाही. दारातली रांगोळी, सारवलेलं अंगण, स्वच्छ देवघर, यानं मन खरंच शांत होतं. पण देवघर घासून लख्ख करायचं आणि नैवेद्य जिथे शिजतो ती खोली कोंदट ठेवायची, यात भक्ती कुठे कमी पडते ते बघावं लागेल.

२०१९ सालीच देशभर लोकांच्या वेळेची पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, असं निघालं. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं, आणि मुळात दिवसभरात थोडं तरी घरकाम करणारे पुरुष शंभरात २६च. पाच तास म्हणजे कारखान्यातल्या पाळीचा अर्ध्याहून मोठा भाग, रविवार नाही, ओव्हरटाइम नाही. पाच तास जिथे उभं राहायचं, तिथे एक एक्झॉस्ट फॅन आणि एक बरा दिवा एवढं तरी हॉलच्या झुंबराआधी यायला हरकत नसावी.

हे लिहिताना आमच्यातल्या भगिनींना विचारलं. सगळ्या एका सुरात बोलल्या असं नाही. एक म्हणाली, "मला शेवटीच बसायला आवडतं. सगळे उठल्यावर निवांत जेवते, कुणी पोळी दे, पाणी दे म्हणत नाही." हेही ऐकायला हवं. पण ऐकताना वाटलं की तिला एकटं जेवायला आवडतं असं नाही, जेवताना मध्ये मध्ये उठायला आवडत नाही. दुसरी सासूबाई झालेली, ती स्पष्टच बोलली, "आम्हाला आमच्या सासूनं आधी जेवू दिलं नाही, मग सुनेनं बसलेलं बघवत नाही. खोटं कशाला बोलू?" हे कबूल करायला धैर्य लागतं. आम्हा पुरुषांपैकी कुणी एवढं खरं बोललेलं नाही.

एका घरात आठ वर्षांची मुलगी भातुकली खेळत होती. बाबाला वाढलं, दादाला वाढलं, बाहुलीला वाढलं. "आणि आई?" विचारल्यावर मान वर न करता म्हणाली, "आई नंतर." तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

लग्नात लेकीला माहेरून अन्नपूर्णेची मूर्ती देतात. ती आपल्या बहुतेकांच्या देवघरात आहे. घरी जाऊन नीट बघा, हातात पळी घेऊन ती बसलेली आहे. आणि काशीच्या अन्नपूर्णेच्या चित्रात तर साक्षात शंकर समोर भिक्षापात्र घेऊन उभे आहेत. आपण बाईला अन्नपूर्णा म्हणतो, पण बसलेली देवी तेवढी देवघरात ठेवली आणि घरातलीला उभं केलं.

एका बैठकीत हे सगळं सुटेल असं नाही. पहिल्या पाळीला जाणाऱ्यांच्या घरात सकाळी साडेसहाला सगळे एकत्र जेवतील, हे शक्यच नाही. डबा बांधायला ती साडेचारला उठणारच. पण रात्रीचं जेवण तरी? पोळ्या-भाकऱ्या आधी करून, पातेली मध्ये घेऊन सगळ्यांनी एकदम बसायचं, पाणी ज्याचं त्यानं घ्यायचं, आणि शिळं असेल ते सगळ्यांच्या पानात चमचा-चमचा. काही घरांत महिनाभर करून बघितलं. भाकरी थोडी गार होते, एवढीच तक्रार आली. तीही पुरुषांकडून.

आता येत्या पौर्णिमेचं. आचारी-भगिनींची पंगत पहिली, आरतीनंतर लगेच. वाढायला पुरुष मंडळी, सात नावं आली आहेत, आणखी पाच हवीत. सगळ्यांनी साडेअकराला हजर राहायचं. भांडी घासायलाही तीच बारा जणं. हुग्गी पूर्ण संपेपर्यंत वाढायची नाही, एक मोठा डबा झाकून बाजूला ठेवायचा, कारण शेवटच्या पंगतीला आता वाढपी बसणार आहेत. नावं आजच ग्रुपवर कळवावीत.