भांडण स्वभावाचे की वाटणीचे?

कोणाला दुसऱ्याचे बरे झालेले पाहवत नाही असे दिसले की आपण त्याला विशेषण चिकटवून मोकळे होतो: ईर्षाळू, हेवेखोर, मत्सरी. माणूस मोठ्या पदावरचा असेल, तर तोच गुण महत्त्वाकांक्षा म्हणून खपतो. चढाओढ माणसाच्या स्वभावात असते, ही समजूत या सगळ्या शब्दांच्या तळाशी आहे. मराठीत निराळे शब्दही आहेत. भाऊबंदकी, सवतीमत्सर हे शब्द एकट्या माणसाकडे न पाहता नात्यावर बोट ठेवतात. ते सत्याच्या अधिक जवळ आहेत, पण अर्ध्या वाटेवर थांबतात. कारण वैर जणू रक्तातच असते, असे ते सुचवतात. माझ्या मते दोघांत वैर माजेल की निकोप चुरस लागेल, हे मुख्यतः दोघांच्या मध्ये काय आहे यावर ठरते: ते वाटता येते का, आणि वाटणीचा नियम दोघांनाही मान्य आहे का.

रायपूरच्या इतिहासात याचा पुरावा सापडतो. हे शहर राजधानी झाले तेच मुळी एका वाटणीतून. चौदाव्या शतकाच्या अखेरीस रतनपूरच्या कलचुरी घराण्याची एक पाती वेगळी होऊन रायपूरकडे आली. शिवनाथ नदीच्या उत्तरेचे १८ गड रतनपूरचे आणि दक्षिणेचे १८ रायपूरचे, असे परंपरा सांगते. नागपूरकर भोसल्यांनी हा प्रदेश घेईपर्यंत दोन्ही पाती शेजारी शेजारी टिकून राहिल्या. खुद्द भोसल्यांच्या घरात मात्र वेगळे घडले. पहिला रघूजी १७५५ मध्ये वारला तेव्हा त्याच्या मागे जानोजी, मुधोजी, साबाजी आणि बिंबाजी असे चार मुलगे होते. मुलूख वाटता आला. चांदा मुधोजीकडे आणि छत्तीसगड बिंबाजीकडे गेले. घराण्याच्या प्रमुखाचे सेनासाहेबसुभा हे पद मात्र एकच होते. ते जानोजीला मिळाले, पण त्याआधी तंटा पेशव्यांपर्यंत गेला. १७७२ मध्ये जानोजी निपुत्रिक वारला. त्याने दत्तक घेतलेला मुलगा मुधोजीचा; त्याच्या वतीने मुधोजी उभा राहिला, आणि साबाजीने स्वतःचा हक्क सांगितला. १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगावला मुधोजीशी झालेल्या लढाईत साबाजी मारला गेला. त्याच बापाचा मुलगा बिंबाजी १७८७ पर्यंत रतनपुरात राज्य करत होता. तो मुळातच सौम्य असेल, असे कोणी म्हणेल. असेलही, पण तो सौम्यपणा जपायला त्याच्यापाशी स्वतःचा मुलूख होता, स्वतःचा दरबार होता. नागपुरातल्या दोघांपुढे एकच गादी होती.

सवतीमत्सराचे उदाहरण याहून बोलके आहे. पिढ्यान्पिढ्या हा मत्सर बायकांच्या जातीचाच मानला गेला. दोन बायका करणारा पुरुष त्या शब्दात कुठेच दिसत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने एक पत्नी हयात असताना दुसरे लग्न बेकायदा ठरवले. त्यानंतर हा शब्द घरोघरच्या अनुभवातून सरकत सरकत बराचसा नाटक-मालिकांपुरता उरला. बायकांचा स्वभाव कोणत्याही कायद्याने बदलला नव्हता, बदलली होती ती मांडणी.

उलट्या बाजूचा पुरावा छत्तीसगडच्या खेड्यांत मिळतो. तिथे महाप्रसाद, गंगाजल, भोजली, जंवारा अशा नावांनी विधिपूर्वक मैत्री जोडली जाते; तिला मितान म्हणतात. जातीच्या पलीकडेही ती जुळते आणि पुढे दोन्ही घरे एकमेकांची नातलग ठरतात. असे मित्र परस्परांना नावाने न बोलावता ‘महाप्रसाद’ किंवा ‘भोजली’ म्हणूनच हाक मारतात. या नात्यात सख्ख्या भावाची जवळीक आहे, पण बापाच्या जमिनीतला हिस्सा नाही. भावकीत जी वस्तू वितुष्ट आणते, नेमकी तीच इथे वगळलेली आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की मांडणीवर सारे ढकलले तर मुधोजी निर्दोष सुटतो. तसे नाही. कृतीचा दोष कृती करणाऱ्याचाच. दगा, कुरघोडी, काटशह हे शब्द त्यासाठीच आहेत. स्वभावाचे विशेषण उलट कृतीला आडोसा देते, कारण स्वभावाला औषध नाही म्हणून विषय तिथेच मिटतो. दुसरा आक्षेप असा की चढाओढीशिवाय उत्तम काही निपजत नाही. हे मान्यच आहे. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’ या नाट्यप्रयोगात केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी नाटकमंडळ्यांचे हे मालक. पण त्या रात्री भूमिका वेगळ्या, उत्पन्न फंडाचे आणि दाद दोघांनाही पुरून उरणारी होती. म्हणून चुरस रंगली, वैर झाले नाही. तेव्हा प्रश्न चढाओढ नको की हवी हा नसून ती कशासाठी आणि कोणत्या नियमाने, हा आहे.

आज हे तपासायचे असेल तर वारसाहक्काकडे पाहावे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. तरीही हक्कसोड पत्रावर सही करणारी बहीण समंजस ठरते आणि हिस्सा मागणारी हावरी. भावाने तोच हिस्सा मागितला तर त्याला कोणी विशेषण लावत नाही. वाटणीचा नियम कायद्याने बदलला आहे. शब्द अजून जुन्या वाटणीच्या बाजूने साक्ष देत आहेत. म्हणून कोणाला हावरे किंवा ईर्षाळू म्हणण्याआधी, त्या शब्दाने कोणाची वाटणी शाबूत राहते, एवढे तरी विचारावे.