वाटाड्याचे पैसे



मार्वेच्या होडीतून रविवारी उतरणारे सहलीवाले आपल्याला नवे नाहीत. सुकत घातलेल्या बोंबलांपाशी नाकाला रुमाल लावतात, न विचारता फोटो काढतात. आपण चिडतो, आणि ते बरोबरच आहे.

पण आपणच सहलीला जातो तेव्हा? भंडारदऱ्याचा जलाशय पाहून आम्ही साम्रदला सांदण दरीत उतरलो. दोन्हीकडे उंच कातळ, मध्ये गार पाणी. कुठे पाय ठेवायचा ते गावातला वाटाड्या सांगत होता. १९२६ साली पुऱ्या झालेल्या धरणाने प्रवरेचे पाणी खालच्या उसाला मिळाले, वरच्या गावांच्या जमिनी बुडाल्या. हेही त्यानेच सांगितले.

वर आल्यावर ठरलेल्या पैशांत आम्ही घासाघीस केली. बाजारात मासळीचा भाव आपण पाडतोच की, असे कोणी म्हणाले. पण तो भाव मासळी घेण्याआधी होतो. दरीत, कमरेएवढ्या पाण्यात त्याने दुप्पट मागितले असते तर आम्ही मुकाट्याने दिले असते. गरज संपल्यावर आम्हाला भाव आठवला. त्याने वाद घातला नाही.

बस सुटल्यावर माणशी किती वाचले याचा हिशेब झाला. टाळ्या पडल्या. मीही वाजवली.