उरलेल्या अधिकाराची नीती

तंजावूरच्या राजवाड्यात सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा हात जोडून उभा आहे. नोकरीनिमित्त या प्रांती आलेला मराठी माणूस सवड मिळताच तेथे जातो. मीही अभिमानाने गेलो, पण परतताना एक प्रश्न घेऊन आलो : हे हात कोणापुढे जोडलेले आहेत? देवापुढे, की कंपनी सरकारापुढे?

१७९९ सालाने दक्षिणेत दोन चित्रे शेजारी शेजारी मांडून ठेवली आहेत. मे महिन्यात टिपू सुलतान श्रीरंगपट्टणात लढता लढता पडला. ऑक्टोबरात सरफोजीराजांनी तह करून राज्याचा कारभार कंपनीच्या हवाली केला. त्यांच्याकडे राहिले किल्ला व राजवाडा, वर्षाला एक लक्ष होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. अमरसिंगाला दूर करून १७९८ साली गादी दिली होती तीही कंपनीनेच. देणाऱ्याने परत मागितले, तेव्हा नाही म्हणण्याचे बळ उरलेच कोठे होते?

तथापि या राजाने उरलेली वर्षे केवळ भोगात घालविली नाहीत. सरस्वती महालात त्यांनी देशोदेशींचे ग्रंथ आणविले, काशीयात्रेतही पोथ्या जमविल्या. १८०५ साली देवनागरी छापखाना काढला. धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य वैद्यक एकत्र आणले. तेथील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी अद्याप जपलेल्या आहेत. १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरविला. आणि याच राजाने नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ समुद्रकाठी मनोरा उभारला!

स्तुतिपाठक म्हणतात, ‘सही केली नसती तरी राज्य गेलेच असते, निदान ग्रंथ तरी राहिले.’ हा युक्तिवाद माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. एकदा मनाला न पटलेल्या टिपणावर सही करताना मीही स्वतःला असेच समजावले होते : मी नाही केली तर दुसरा कोणी करील, खुर्ची राहिली तर पुढे चार माणसांचे भले तरी करता येईल. त्या रात्री मला झोप मात्र लागली नाही.

हिशेबाच्या भाषेत बोलायचे, तर आपण दोन खाती एकात मिसळतो. सही हे एक खाते, ग्रंथालय हे दुसरे. ग्रंथांची जमा सहीच्या नावे टाकून ते खाते पुरे करता येत नाही. कारण तो पाचवा हिस्सा कावेरीकाठच्या कुळाच्या भातातून आलेला होता आणि तहाच्या वेळी त्याला कोणी विचारले नव्हते. परंतु उलटही तितकेच खरे. एकदा वाकलो, आता कशाला काही करायचे, असे म्हणणे हा दुसरा पराभव होय, आणि तो आपण स्वतःच ओढवून घेतो. १८१८ नंतर बिठूरला गेलेल्या दुसऱ्या बाजीरावांनाही सालीना आठ लक्षांचे वेतन होते. त्यातून विद्येचे असे भांडार उभे राहिले नाही.

१८५५ साली संस्थानही खालसा झाले. सरस्वती महाल मात्र उरला, आणि आज तेथे कोणीही अभ्यासक जाऊ शकतो. यावरून सरफोजीराजे निर्दोष ठरत नाहीत. ठरते ते एवढेच, की अधिकार गेला तरी कर्तव्य जात नाही. ते उरलेल्या जागेपुरते लहान होते, इतकेच. आपणा लहान खुर्च्यांवरील माणसांना ही गोष्ट दिलासा देणारी नाही. ती आपली सबब काढून घेणारी आहे.