आग येऊरला, आम्ही गॅलरीत

उन्हाळ्यात ज्यांचा संसार टिकला त्यांचा कुठेही टिकेल, असं माझं प्रामाणिक मत आहे. पावसाळ्यात नवरा-बायको एका छत्रीत भागवून नेतात. पण मे महिन्यातल्या ठाण्यात एका पंख्याखाली दोन माणसं म्हणजे दोन पक्षांचं सरकार! पंखा तीनवर की पाचवर, यावर आमच्याकडे लग्नाला अठरा वर्षं होऊनही तोडगा निघालेला नाही.

उतारा म्हणून आम्ही बाहेर पडतो. संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी आणि भेळ, रविवारी डोंबिवलीला माझी सासुरवाडी. आमच्या चैनीची धाव एवढीच. लोकल मुंब्र्याच्या डोंगराच्या पायथ्याने जाते. पावसाळ्यात याच डोंगरावरचे धबधबे बघायला अख्खा डबा एका खिडकीत वाकतो. उन्हाळ्यात तोच डोंगर करपलेल्या भाकरीसारखा दिसतो, तेव्हा मात्र सगळे पेपरात तोंड घालून बसतात. फक्त आमची ही बघते आणि म्हणते, "इथेही लागला वाटतं."

लागला म्हणजे वणवा. आमच्या गॅलरीतून येऊरचे डोंगर दिसतात. फ्लॅट घेताना बिल्डरने या दृश्याचे वेगळे पैसे लावले होते. रात्रीची रोषणाई त्यात धरली होती की नाही, ते करारात नाही. खोटं कशाला बोला, वणवा दुरून देखणा दिसतो. काळ्या डोंगरावर सोन्याची साखळी सरकावी, तसा. दुरून डोंगर साजरे, हे ठीक. पण जळते डोंगर अधिक साजरे, ही म्हणीत राहून गेलेली भर.

मग गॅलऱ्यांतून खुर्च्या येतात. कोणी पन्हं आणतं, कोणी मत आणतं. "गवतच तर आहे! पहिल्या पावसात पुन्हा उगवेल," तिसऱ्या मजल्यावरचे काका सांगतात. खरं आहे. गवताचं खातं जूनमध्ये पुन्हा उघडतं. पण दोन वर्षांचं रोप, जमिनीवर घातलेली तितराची अंडी, पळता न आलेला सरडा, यांची खाती कायमची बंद. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ही म्हण आपण ऑफिसातल्या बदल्यांसाठी वापरतो. ती मूळची इथली असावी.

आता प्रश्न असा, की हे बघण्यात पाप आहे का? मी कॉमर्सचा माणूस. पापपुण्याचा ताळेबंद आम्हाला शिकवला नाही. म्हणून रविवारी मेहुण्यांना विचारलं. ते तत्त्वज्ञान शिकवतात. ते म्हणाले, "ल्युक्रेशियस नावाच्या रोमन कवीने दोन हजार वर्षांपूर्वी याचा विचार करून ठेवलाय. समुद्रात वादळात सापडलेला माणूस किनाऱ्यावरून बघताना बरं वाटतं, ते त्याच्या हालांमुळे नव्हे, तर आपण त्यात नाही म्हणून."

मला फारच हायसं वाटलं. एवढ्यात ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "दादा, त्या कवीच्या खिशात फोन नव्हता."

मेहुणे बराच वेळ ताटातली चटणी शोधत होते.

मला वाटतं, मुद्दा तिथेच संपतो. आपला हात पोचत नाही तोवरच किनारा हा किनारा. एकदा हात पोचू लागला, की नुसतं बघणं हे नुसतं बघणं राहत नाही. आमच्या इमारतीत चाळीस बिऱ्हाडं आहेत आणि चाळिसांनाही खात्री असते, की कोणीतरी कळवलंच असेल. बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. वणवा कोणी लावला, ही नोंदही बहुतेक तिथेच जाते. कोणाची विडी, कोणाची पार्टीची चूल, कोणाची जाळल्याने गवत चांगलं येतं ही समजूत. पण वणवा बघितला कोणी, हे मात्र गॅलरीतल्या खुर्च्या मोजून सांगता येतं.

वन खात्याच्या मदतीचा नंबर आहे १९२६. राखीव जंगलात आग लावायला बंदी करणारा भारतीय वन कायदा १९२७ चा. म्हणजे मदत कायद्याच्या एक वर्ष आधी पोचते; सरकारी कामात असं क्वचित घडतं. हिने फोन लावला. पलीकडून विचारलं, डोंगराची कोणती बाजू? पंधरा वर्षं रोज बघितलेल्या डोंगराला बाजू असतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

फोनने आग विझत नाही, हे मलाही कळतं. तिथे चढून हिरव्या डहाळ्यांनी झोडपत ती विझवावी लागते आणि ते काम वनरक्षक आणि आसपासच्या पाड्यांतली माणसं करतात. आपण पन्हं पीत जी साखळी बघतो, तिच्या एका टोकाला कोणीतरी धुरात उभा असतो. त्याला निदान वेळेवर कळावं, एवढंच आपलं काम.

परवा रात्री अकराला सासूबाईंचा फोन आला. मी दचकलोच. त्या म्हणाल्या, "मलंगगडाच्या बाजूला डोंगरावर जाळ दिसतोय. तिला तो नंबर विचारा हो, जावईबापू. आणि आमच्या गच्चीतून बघितलं तर ती बाजू कोणती, तेही विचारून ठेवा."