मुदतीपूर्वी कर्जफेड : आधी कोणाचे देणे?

कौसा, राबोडी वा कल्याण येथे बँकेचे कर्ज काढून घर घेतलेल्या कुटुंबांपुढे एक प्रश्न असतो : हाती आलेली जादा रक्कम मुदतीपूर्वीच भरावी काय?

हिशेब स्पष्ट आहे. ३० लाखांच्या कर्जावर ९ टक्के दराने २० वर्षांत सुमारे ३४.८ लाख व्याज जाते, म्हणजे मुद्दलाहूनही अधिक. सुमारे २७,००० रुपयांच्या हप्त्यावर दरमहा ५,००० जादा भरल्यास कर्ज साडेतेरा वर्षांत फिटते आणि साडेबारा लाखांहून अधिक व्याज वाचते. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बँकांना मनाई केली.

श्रद्धावंतासाठी मात्र हा केवळ बचतीचा प्रश्न नाही. सूरह बकराच्या आयती २७५ ते २७९ मध्ये व्याजाचा कठोर निषेध आहे. म्हणून व्याजातून लवकर सुटणे हा तौबेचाच भाग होय. तथापि घरात काहीच न ठेवता सर्व रक्कम भरली, तर आजारपणात पुन्हा व्याजाच्याच दारी जावे लागते.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की, जकात थकवून, बहिणीचा वारसाहक्क किंवा भावाचे हातउसने पैसे अडकवून बँकेचे देणे फेडले जाते. भाऊ तगादा लावत नाही, कारण तो आयत २८० नुसार सवलत देत असतो. त्याचा संयम ही आपली सबब होऊ नये.

म्हणून प्रथम हक्कदारांचे हक्क द्यावेत, काही महिन्यांचा खर्च राखावा. त्यानंतर उरलेला प्रत्येक रुपया निःशंकपणे मुद्दलात भरावा.